पेपर, स्कॅन आणि नोंदी एकमेकांना जोडून कशा ठेवता? झोटेरो, ऑब्सिडियन वगैरे (नाशिककरांनो, या इकडे)

आरमकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची सटाण्याची, सध्या नाशिकला राहून पीएचडी करतेय. विषय आहे फड पद्धत, म्हणजे बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर जे जुने बंधारे आहेत त्यांचे पाट, त्याखालचे फड (म्हणजे पाटाखालच्या शेतांचे गट) आणि गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची तीन-चारशे वर्षांची रीत. पांझरेवर धुळ्याकडं पण हीच पद्धत, त्यामुळे तिकडचं पण सगळं वाचावं लागतं.

वाचायची अडचण नाहीये, वाचलेलं परत सापडायची आहे. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर स्कॅन स्वरूपात आहे, शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या साइटवरचे थीसिस आहेत जे प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये उतरतात, पाटबंधारे खात्याचे अहवाल, सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) टिपून आणलेली मराठी पुस्तकं, शेतकऱ्यांच्या मुलाखती फोनवर रेकॉर्ड केलेल्या, बंधाऱ्यांचे फोटो, आणि एक जाड वही. आता उदाहरण सांगते, पाटकऱ्याला (पाटाचं पाणी सोडणाऱ्याला) मोबदला धान्यात मिळायचा की रोख आणि कोण ठरवायचं, हा एकच मुद्दा थीसिसमध्ये एका तऱ्हेनं आलाय, अहवालात दुसऱ्या आणि मुलाखतीत तिसऱ्याच, आणि मला हे तिन्ही समोरासमोर ठेवून बघायचेत, पान क्रमांकासकट. फोल्डरमध्ये ते होत नाही.

फुकट किंवा स्वस्त हवं, नेट नसताना चाललं पाहिजे (गावाकडं रेंजचा भरवसा नाही), मराठी नीट दिसलं पाहिजे, आणि गाईडना वर्डचीच फाईल लागते. काय वापरता?

कॉलेजरोडकर:
झोटेरो, म्हणजे संदर्भ आणि पीडीएफ सांभाळायचं सॉफ्टवेअर. दुसरं काही बघूच नका असं म्हणेन मी. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांच्या केंद्रात २००६ साली सुरू झालेलं आहे, ओपन सोर्स आहे, आणि इतिहासवाल्यांनी केल्यामुळे त्यात फक्त जर्नलचे पेपर धरलेले नाहीत, हस्तलिखित, नकाशा, पत्र, अहवाल, थीसिस, मुलाखत असे वेगवेगळे प्रकार आहेत, तुमच्या विषयाला हे फार कामाचं आहे. डेटा तुमच्या लॅपटॉपवरच राहतो त्यामुळे सटाण्यात नेट नसलं तरी सगळं चालतं. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हीत संदर्भ टाकायची सोय येते.

एक गैरसमज लोकांचा असतो, की फुकट जागा ३०० एमबीच आहे म्हणजे पुरणार नाही. ते ३०० एमबी फक्त पीडीएफ वगैरे फाइलींच्या सिंकसाठी आहेत. नोंदी, टॅग, लेखक-शीर्षक ही माहिती कितीही असली तरी फुकट सिंक होते. फाईल सिंक बंद ठेवा आणि पीडीएफ लॅपटॉपवरच राहू द्या, किंवा वेबडॅव्हची (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली ठेवायची) सोय कुठं असेल तर ती जोडा.

आणि हे आधीच सांगतो, झोटेरोचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या आत ठेवायचं नाही. आत एक डेटाबेस फाईल असते, ती सिंक होता होता बिघडू शकते, झोटेरोवाले स्वतःच हे करू नका म्हणतात. बॅकअप घ्यायचा तर झोटेरो बंद करून अख्खं फोल्डर पेनड्राइव्ह नाहीतर हार्डडिस्कवर कॉपी करायचं.

निवासी_म्हसरूळ:
+१ झोटेरो. मी एमडी करतेय, आमच्याकडं सगळं पबमेडवरचं, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीतलं. जादूच्या कांडीचं बटण असतं त्यात, पीएमआयडी किंवा डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक) टाकला की लेखक, जर्नल, वर्ष सगळं आपोआप येतं, पुस्तकाला आयएसबीएन चालतो. थीसिसला व्हँकुव्हर स्टाईल (संदर्भांना क्रमांक द्यायची पद्धत) लागते, ती एका क्लिकवर. शिवाय एखादा पेपर मागं घेतला गेला असेल तर लायब्ररीत त्यावर लाल पट्टीत इशारा येतो, २०१९ पासून ही सोय आहे, रिट्रॅक्शन वॉचच्या यादीवरून. आमच्या क्षेत्रात हे फार महत्त्वाचं आहे कारण मागं घेतलेला पेपर वर्षानुवर्षं लोक उद्धृत करत राहतात.

लेणीवाचक:
ताई, विषय वाचून बरं वाटलं. फडावर नाशिकमधूनच कुणी लिहितंय हे व्हायलाच हवं होतं.

सॉफ्टवेअरचं ही मुलं सांगतीलच, मी नोंदींबद्दल बोलतो. मी निवृत्त शिक्षक, पांडवलेण्यांतल्या शिलालेखांचा नाद आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगतो, की दोन नोंदी नुसत्या जोडून काही उपयोग नाही, का जोडल्या ते वाक्य तिथंच लिहिलं पाहिजे. उदाहरण देतो. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, क्षहरातांचा (नहपान ज्या शक घराण्यातला, त्याचा) वंश निःशेष करणारा म्हणते. हा लेख सेनार यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात छापलाय. दुसरीकडं, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात नहपानाची, आणि त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा वरून मारलेला.

आता या दोन नोंदींमध्ये नुसती रेघ ओढली तर कळेल की संबंध आहे. पण मी मध्ये लिहिलंय: "लेख म्हणतो वंश संपवला, नाणी सांगतात चलन तेच चालू ठेवलं, फक्त मालक बदलल्याची खूण केली." हे वाक्य लिहिलं त्या दिवशी मला लेखाचा अर्थ नव्यानं लागला. जोडणी म्हणजे हे वाक्य, रेघ नव्हे.

आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कधी गेलात तर संस्कृत कोशाचं चिठ्ठीघर बघून या. १९४८ साली डॉ. सु. मं. कात्रे यांनी ते काम सुरू केलं, सुमारे दीड हजार ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या काढल्या, हातानं. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा एक वापर, आणि ग्रंथात तो नेमका कुठं आलाय तो संदर्भ. संदर्भ नसलेली चिठ्ठी तिथं चिठ्ठीच नाही. माणसं गेली, पिढ्या बदलल्या, तरी आजही त्यावर कोश होतोय तो त्या एका शिस्तीमुळे.

आरमकाठ:
काका, जोगलटेंभीचं उदाहरण इतकं नेमकं आहे, मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. म्हणजे माझ्या बाबतीत "थीसिस म्हणतो धान्य, अहवाल म्हणतो रोख" हे दोन वेगळ्या काळांतलं आहे की वेगळ्या बंधाऱ्यांवरचं, ते जोडणीतच लिहायचं, बरोबर ना?

लेणीवाचक:
अगदी. आणि तुम्हाला माहीत नसेल तर "काळाचा फरक की गावाचा, मोसमवर विचारणे" असं लिहा. तो प्रश्नच पुढच्या फेरीत कामाला येतो.

अंबड_एमआयडीसी:
मी आर अँड डी मध्ये आहे, पेटंट आणि पेपर दोन्ही सांभाळावे लागतात. माझी पद्धत: संदर्भ झोटेरोत, विचार ऑब्सिडियनमध्ये. ऑब्सिडियन हे नोंदींचं सॉफ्टवेअर, म्हणजे साध्या मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलींचं फोल्डर, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतात, कंपनी उद्या बंद पडली तरी फाइली तुमच्याच. दुहेरी चौकटी कंसात दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलं की लिंक झाली, आणि त्या दुसऱ्या नोंदीत खाली आपोआप दिसतं की तिच्याकडं कोण कोण बोट दाखवतंय. तुमचं "पाटकरी-मोबदला" नावाचं एक पान केलंत की थीसिस, अहवाल, मुलाखत तिन्ही तिथं येऊन मिळतील.

लेणीवाचक काका जे म्हणतात ते झोटेरोत नीट होत नाही याचं कारण सांगतो. झोटेरोत "रिलेटेड" म्हणून सोय आहे, दोन संदर्भ एकमेकांना जोडता येतात, पण का जोडले ते लिहायला तिथं जागा नाही. म्हणून जोडणी नोंदीच्या मजकुरातच हवी, वाक्याच्या मधोमध.

दोन्हींचा पूल असा: झोटेरोच्या आतल्या रीडरमध्ये (आवृत्ती ६ पासून म्हणजे २०२२ पासून आहे) पीडीएफ वाचताना ओळ रंगवायची, मग सेटिंगमध्ये एक्स्पोर्टखाली नोट फॉरमॅट मार्कडाउन करून झोटेरोच्या लिंका सोबत येऊ द्यायच्या, आणि ती रंगवलेली ओळ उचलून ऑब्सिडियनमध्ये सोडायची. अवतरण, लेखक, वर्ष, पान सगळं येतं आणि लिंकवर क्लिक केलं की तीच पीडीएफ त्याच पानावर उघडते. हे एकदा बघा, मग फोल्डरकडं परत जाणार नाही.

शिसपेन्सिल:
थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नका. मी प्राध्यापक आहे, बरेच विद्यार्थी बघितले. संदर्भांसाठी सॉफ्टवेअर हवंच, त्यात वाद नाही. पण हे नोंदी जोडायचं प्रकरण सुरू झालं की मुलं महिनोन्‌महिने थीम बदलत बसतात, प्लगिन टाकत बसतात, तो ठिपक्या-ठिपक्यांचा ग्राफ बघत बसतात आणि प्रकरण एक लिहून होत नाही. त्या ग्राफमध्ये मी आजवर कुणाला नवा मुद्दा सापडताना पाहिलेलं नाही. निक्लास लुमन या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव सगळे घेतात, नव्वद हजार कार्डं होती म्हणून, पण तो माणूस त्यातून सतत लिहीत होता हे कोणी सांगत नाही. वहीत उजव्या पानावर नोंद, डावं पान मोकळं, तिथं नंतर जोडण्या. चालतं अजून.

अंबड_एमआयडीसी:
सर, ग्राफबद्दल पूर्ण सहमत, मी तो उघडतच नाही. प्लगिनबद्दलही. पण वहीत शोध घेता येत नाही. तीन वर्षांनी "हवालदार" हा शब्द कुठं कुठं आला ते वहीतून कसं काढणार, आणि फडात हवालदार हे पदच आहे, म्हणजे तो शब्द पानोपानी येणार.

शिसपेन्सिल:
ते मान्य. मग एवढंच म्हणतो, आरमकाठ, दर आठवड्याला नोंदींमधून एक पानभर सलग लिखाण गाईडना जाऊ दे. ते होत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर वापरा.

आरमकाठ:
सर, हे पटलं, करते.

आता गॅझेटियरच्या दोन अडचणी. एक, स्कॅनमध्ये मुखपृष्ठ, नकाशे धरून पानं मोजली जातात त्यामुळे पीडीएफचं पान आणि छापील पान जुळत नाही. दोन, त्यात नावांच्या डोक्यावर तिरक्या रेघा आहेत, बागलाण, नाशिक सगळ्यांवर, त्यामुळे साधं स्पेलिंग शोधलं की कधी सापडतं कधी नाही. आणि मराठी पीडीएफमधून कॉपी केलं तर भलतीच अक्षरं येतात.

कॉलेजरोडकर:
पानांचं सोपं आहे. झोटेरोच्या रीडरमध्ये काहीतरी रंगवा, त्या नोंदीवर पान क्रमांक दिसतो, तो बदलायचा पर्याय आहे, आणि इथून पुढच्या सगळ्या पानांना हाच हिशोब लावा असंही सांगता येतं. एकदा छापील पानाशी जुळवलं की पुढची सगळी अवतरणं बरोबर पानासकट येतात. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर शेकडो नोंदी झाल्यावर करणं जिवावर येतं. तक्ते आणि नकाशे असतील तर चौकोन आखून चित्र म्हणून उचलायची सोय आहे, स्कॅनवरही चालते.

रंगवलेलं मूळ पीडीएफमध्ये लिहिलं जात नाही हे ध्यानात ठेवा, ते झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतं. गाईडना रंगवलेली प्रत हवी असेल तर पीडीएफ एक्स्पोर्ट करून द्या.

गंगापूररोड_ग्रंथपाल:
मराठी पीडीएफचं मी सांगते, रोजचं काम आहे. भलती अक्षरं येतात तेव्हा ती फाईल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते, श्रीलिपी किंवा कृतिदेव सारख्या. डोळ्यांना मराठी दिसतं पण आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, त्यामुळे शोध चालत नाही. उपाय म्हणजे ती फाईल चित्र समजून पुन्हा ओसीआर करायची, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून घ्यायचा. टेसरॅक्ट नावाचं फुकट ओसीआर आहे त्यात मराठी भाषा आहे, ओसीआरमायपीडीएफ हे त्यावरचंच, ते पीडीएफच्या पानाखाली शोधता येणारा मजकूर घालून देतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकदम द्या. कमांड टाइप करायची सवय नसेल तर गूगल ड्राइव्हवर फाईल टाकून डॉक्समध्ये उघडा, मजकूर बऱ्यापैकी येतो. जोडाक्षरं आणि रफार तपासूनच अवतरण घ्या, "फड" चा "फंड" झालेला मी बघितलाय, तुमच्या विषयात तर अर्थच बदलेल.

तिरक्या रेघांसाठी ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक गावाचं, नदीचं एक पान करा आणि त्याच्या माथ्यावर "एलियस" म्हणून सगळी स्पेलिंगं द्या, देवनागरी, आजचं रोमन, गॅझेटियरमधलं रेघांचं. मग कुठलंही लिहिलं तरी त्याच पानाला जोडता येतं. जुन्या कागदात एकाच गावाची किती रूपं येतात हे नंतर तुमच्या परिशिष्टालाही उपयोगी पडेल.

आता मराठी पुस्तकं झोटेरोत भरताना:

वर्ष इंग्रजी अंकांत भरा, देवनागरी अंकांत भरलं तर तारखेप्रमाणे क्रम नीट लागत नाही. पुस्तकावर नुसतं शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन (जानेवारी ते पाडव्यापर्यंतचं असेल तर ७९), म्हणजे शके १८५० चं पुस्तक १९२८ किंवा १९२९ चं. इसवी सन तारखेच्या रकान्यात, शके जसा छापलाय तसा "एक्स्ट्रा" मध्ये. आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यात भरा, आपोआप आलेली माहिती बऱ्याचदा सगळं एकाच रकान्यात कोंबते आणि मग सूची नावानं लागते. सरकारी खातं लेखक असेल तर एकाच रकान्याचा पर्याय निवडा नाहीतर "महाराष्ट्र" हे नाव आणि "शासन" हे आडनाव होतं.

एकच पुस्तक एकदा रोमनमध्ये आणि एकदा देवनागरीत आलं तर झोटेरोला ते दुबार आहे हे कळत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल.

आरमकाठ:
ताई, हे सगळं कुठं लिहिलेलं मिळत नाही हो. प्रिंट काढून भिंतीवर लावतेय. शेवटची सूची मराठी वेगळी आणि इंग्रजी वेगळी मागतात आमच्याकडं, ती?

गंगापूररोड_ग्रंथपाल:
झोटेरो वर्डमध्ये एकच सलग सूची देतं. लिहून होईपर्यंत तशीच राहू द्या. अगदी शेवटी फाईलची वेगळी प्रत करा, त्या प्रतीत "अनलिंक सायटेशन्स" दाबा, म्हणजे सगळा साधा मजकूर होतो, आणि मग सूची हातानं दोन भागांत करा. मूळ फाईल जोडलेलीच ठेवा, परीक्षकांनी बदल सुचवले की तीच लागते. आणि बहुतेक शैलींत पुस्तकाचं नाव तिरपं येतं, देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो, त्या प्रतीतच मराठी नावं सरळ करून घ्या.

सिडको_विद्यार्थी:
एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला पीडीएफ देऊन विचारलं तर? तो सारांश पण देतो आणि संदर्भ पण.

निवासी_म्हसरूळ:
सारांश वाचायला ठीक आहे. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. अस्तित्वात नसलेले पेपर, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांच्या नावानं, हे चॅटबॉटमध्ये होतं आणि डीओआय टाकून बघितलं की उघडं पडतं. झोटेरोत जे येतं ते प्रत्यक्ष उघडून बघितलेलंच असावं, एवढा नियम पाळलास तर तुझी सूची कुणीही तपासली तरी टिकेल.

लेणीवाचक:
आणि सारांशात तुझा प्रश्न नसतो रे. फडात एका फडाला एकच पीक घ्यायचं हे कुठलाही सारांश सांगेल. ते ठरवताना कोणाच्या शेताला तोटा व्हायचा आणि त्यानं तो का सोसला, हे शोधायला बसलेल्या माणसालाच त्या पानावर ते दिसतं.

आरमकाठ:
काका, हा माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा मुद्दाच आहे.

मग असं ठरवते, संदर्भ आणि पीडीएफ झोटेरोत, गॅझेटियरची पानं आधी जुळवून घेणार. नोंदी ऑब्सिडियनमध्ये, प्लगिन एकही नाही. बंधारा, गाव, पद (पाटकरी, हवालदार, जागल्या) यांची एकेक पानं, आणि प्रत्येक जोडणीला वाक्य. आठवड्याला एक पान गाईडना. राहिलं मुलाखतींचं, त्या झोटेरोत टाकू का? माझी मैत्रीण पांझरेवर काम करतेय, तिच्याबरोबर ग्रुप लायब्ररी करायचं डोक्यात आहे.

कॉलेजरोडकर:
मुलाखत हा प्रकार झोटेरोत आहे, टाका. पण ग्रुपमध्ये टाकताना दोन गोष्टी. ग्रुपच्या फाइलींची जागा ग्रुप ज्यानं केला त्याच्या कोट्यातून जाते आणि तिथं वेबडॅव्ह चालत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग चढवलंत तर ३०० एमबी लगेच भरतील. ग्रुपमध्ये फक्त छापील साहित्याचे संदर्भ ठेवा. दुसरं, ग्रुप करताना तो प्रायव्हेट आहे ना ते बघा.

गंगापूररोड_ग्रंथपाल:
आणि पाण्याचे वाद गावात अजून जिवंत असतात, कोण काय बोललं ते बाहेर गेलं तर त्या माणसाला तिथंच राहायचंय. मुलाखतींना सांकेतिक क्रमांक द्या, गाव-पद-क्रमांक असा, नोंदींमध्ये सगळीकडं तोच क्रमांक वापरा, आणि कुठला क्रमांक कोणाचा ही यादी कागदावर, लॅपटॉपबाहेर. रेकॉर्डिंग आपल्याच डिस्कवर, दोन प्रती. मैत्रिणीला सांगायचं झालं तर क्रमांकानंच सांगा.

आरमकाठ:
हो. यादी वहीतच करते. मोसमवरच्या मुलाखती या रविवारपासून क्रमांक देऊन भरायला घेते, काही अडलं तर इथंच विचारेन.